निलंग्यात शमा परत येते

इस्लापूर (ता. किनवट)
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. दयानंद मामा,

पायाला हात लावून नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे बाजूला सरकवलं असेल, तर उज्वला मामींनी ते फोडावं आणि मोठ्यानं वाचावं, तुमची पिठाची गिरणी चालू असली तरी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सअपवर दोन निळ्या खुणा दिसतात आणि त्यापुढे काही नाही. पत्राचं तसं नसतं. भेळीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकवत नाही तुम्हाला, हे तर चार पानांचं पत्र आहे.

मी मजेत आहे. आमची मुलींची निवासी शाळा, सहावी ते आठवी, चौसष्ट मुली. मी मराठी आणि इतिहास शिकवते, आणि अधीक्षिका बाई गावाला गेल्या की आमटीचं मीठही मीच बघते. थंडी चांगली पडली आहे. सहस्रकुंडच्या धबधब्याला अजून पाणी आहे. मागच्या आठवड्यात मुलींना घेऊन गेले, तर सहावीतली आरती बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, हे बंद कुठून करतात?" बाकीच्या मुली हसल्या. मला मात्र तिचा प्रश्न आवडला. अशा प्रश्नांसाठीच मी इथे आले, असं मला रोज एकदा तरी वाटतं.

आई बरी आहे. अण्णांचं सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला. चाकूरच्या घरी तुमची आठवण निघते. कशी निघते ते पुढे लिहीन, किंवा नाही लिहिणार.

मुख्य बातमी अशी, की मी आपल्या त्या हेराच्या सिनेमाचा, "सतरा नंबर"चा पहिला भाग पुन्हा पाहिला.

गेल्या शनिवारी नांदेडला आमचं प्रशिक्षण होतं, ते दुपारी दोनलाच सुटलं. बसस्थानकाकडे निघाले तर वाटेत थिएटरच्या पोस्टरवर सतरा नंबरचा तोच चेहरा, पण तरुण. डिसेंबरात नववा भाग येतो आहे म्हणून पहिला भाग आठवडाभर पुन्हा लावला होता. मी तिकीट काढलं. एकटीनं थिएटरात बसायची ही माझी पहिलीच वेळ. पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते, जणू तिच्यात देशाची गुपितं आहेत.

बावीस वर्षं रेवणसिद्ध टॉकीजचं मशीन चालवलेल्या माणसाला मी सिनेमा काय सांगणार, पण ऐका. पहिला भाग किती गरीब होता, मामा. पुढच्या भागांत सतरा नंबर विमानातून उडी मारतो, वाळवंटात सूट घालून पळतो आणि सुटाला सुरकुती पडत नाही. इथे तो शत्रूच्या मागे लाल बसमधून जातो आणि कंडक्टर त्याला सुट्टे मागतो. परदेशातला म्हणून जो गुप्त अड्डा दाखवला आहे तो सरळ सरळ साखर कारखाना आहे. भिंतीमागे उसाच्या मोळ्या दिसतात. वायरलेसचं यंत्र पिठाच्या डब्याएवढं. आणि त्याला भीती वाटते. दार उघडण्याआधी तो दोन्ही तळहात पँटला पुसतो. नंतरच्या सात भागांत तो एकदाही घाबरला नाही, म्हणूनच बहुतेक ते सातही भाग मला एकाच सिनेमासारखे वाटतात.

आणि पहिल्या भागात शमा होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणारी, सतरा नंबरला बातम्या पुरवणारी साधी मुलगी. आठ वर्षांची असताना मला सतरा नंबर व्हायचंच नव्हतं, मला शमा व्हायचं होतं. सगळं आधी तिलाच कळायचं, आणि ती नेहमी उशिरा यायची. रेल्वेच्या फलाटावर तो ताटकळत उभा असतो, गाडी येते, पिवळ्या साडीतली शमा उतरते आणि विचारते, "देर हो गई क्या?" तुमच्या घरात तेव्हा सगळेच तसं बोलायचे. मामी भाजी घेऊन आल्या की दारातूनच, "देर हो गई क्या?" तुम्ही तेलकट हात धुवायला मोरीत गेलात की तिथूनच, "देर हो गई क्या?"

नांदेडला काय झालं ते सांगते. फलाट आला, शमा उतरली, नावेतलं गाणं झालं. मग एका खोलीत नकाशा पसरून पूल उडवायचा बेत ठरला. आणि मग पूल. शमा यंत्रापाशी मागे थांबते, तो पलीकडे पोचतो, पूल उडतो, शमाही जाते. शेवटी सतरा नंबर एका टपरीवर बसतो, दोन चहा सांगतो आणि रस्त्याकडे बघत राहतो. संपला. माझ्या शेजारच्या बाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि मी हसत होते. मला थांबताच येईना. त्यांनी विचारलं, "काय झालं वो?" मी म्हटलं, "काही नाही, आमच्या निलंग्यात ती परत येते." त्या पिशवी उचलून दुसऱ्या टोकानं बाहेर पडल्या.

कारण निलंग्यात आधी पूल उडाला होता आणि मग गाडी आली होती. मग फलाट. मग पिवळी साडी. "देर हो गई क्या?" शिट्ट्या आल्या होत्या, मामा, आणि बायकांच्या बाजूनं आल्या होत्या. मग गाणं, मग टपरी आणि दोन चहा. तो रस्त्याकडे बघतो आहे, कारण ती नेहमीसारखी उशीर करते आहे, एवढंच. लोक हसत घरी गेले. पुलावर त्याच्या हाताला जखम होते, पट्टी बांधतात आणि फलाटावर ती पट्टी नसते, हे मी तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, "भरली जखम. हेर हाय त्यो." दुसऱ्या भागात शमा नव्हती. तुम्ही म्हणालात, "तिची बदली झाली." आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या बदल्या होतच होत्या, त्यामुळे मला ते पटलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत मी शमाची बदली झाली असं समजत होते. लातूरच्या हॉस्टेलवर मैत्रिणींनी त्यावरून माझी जी टिंगल केली ती सांगत बसत नाही.

इथपर्यंत पत्र एका बैठकीत लिहिलं. यापुढचं लिहायला घेतलं आणि पेनाचं टोपण तीनदा लावलं, तीनदा काढलं.

गेल्या वर्षीच्या पेढ्यांच्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. घरातली पहिली पदवीधर म्हणून अण्णांनी अंगणात पंगत घातली होती. तुम्ही माझ्यासाठी पेन आणलं होतं. पानं वाढत होतो आणि तुम्ही पुरुषमंडळींत टॉकीजच्या गोष्टी सांगत होतात. तुम्ही म्हणालात, "बावीस वर्षांत माझ्या हातून एक रीळ मागंपुढं झालं न्हाई." आणि मी, पाण्याचा तांब्या हातात घेऊन, सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, एक झालं की." तिथेही थांबले नाही. फोन काढून खरा शेवट दाखवला. बाराव्या आणि तेराव्या रिळाची अदलाबदल कशी झाली असणार, ते फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं. अण्णा म्हणाले, "म्हंजी पाव्हणं, तुमी समद्या निलंग्याला उलटंच दाखिवलं की." सगळे हसले. मीही हसले. तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकलात, बस चुकेल म्हणालात आणि न जेवता गेलात.

त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. खरं ते खरं, समोर मामा असोत की कुणी, असं मी आईला म्हणालेसुद्धा. तुमच्या पानावरची पोळी तिनं झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तिनंच खाल्ली.

त्याला तेरा महिने झाले.

नांदेडच्या थिएटरात मला एक गोष्ट सापडली, मामा. नकाशा. नकाशाचा प्रसंग आणि फलाटाचा प्रसंग एकाच रिळात असणार, कारण मध्ये फक्त गाणं आहे. रिळांची नुसती अदलाबदल झाली असती, तर शमा परत आल्यावर पुन्हा नकाशा पसरला गेला असता, उडून गेलेला पूल कसा उडवायचा ते ठरवायला. त्या आठवड्यात मी तो सिनेमा पाचदा पाहिला आणि नकाशा एकदाही पाहिला नाही. गाण्यावरून थेट टपरीवर. म्हणजे कुणीतरी तो तुकडा कापला होता. रीळ चुकून बदलू शकतं. कात्री कुणी चुकून लावत नाही.

मग मला तुमच्या घरचा चिवड्याचा डबा आठवला. मी स्टुलावर चढून फळीवरून काढला, झाकण उघडलं, तर आत चिवडा नाही, काळ्या पट्टीचं भलंमोठं वेटोळं. मामी धावत आल्या, "ठिव ते. मामाची काळी शेव हाय." मी वास घेऊन बघितला होता.

तो महिना कोणता होता हे तुम्हाला सांगायला नको. आई लातूरच्या दवाखान्यात होती. ऑपरेशन झालं होतं आणि ती कधी येणार ते कुणी सांगत नव्हतं, कारण कुणालाच माहीत नव्हतं. मला चाकूरहून तुमच्याकडे आणून ठेवलं होतं आणि मी जेवत नव्हते. दुपारच्या खेळाला तुम्ही मला मशीनच्या खोलीत बसवायचात, आणि भिंतीतल्या चौकोनी भोकातून मी खाली बघायची. त्या भोकातून मी शमाला पाचदा परत येताना बघितलं. उशीर होतो पण येतात, असं मी मनाशी धरलं आणि मग मला भीती वाटली नाही. आणि आई आली. निलंग्याच्या स्टँडवर अण्णांचा हात धरून बसमधून उतरली, आणि तिनं काही बोलायच्या आत मीच तिला ओरडून सांगितलं, "देर हो गई." आई हे अजून सगळ्यांना सांगते.

अंगणात तुम्हाला हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत, चुकलेला ऑपरेटर म्हणून निघून गेलात.

माझं चुकलं, मामा. हे फोनवर म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं, तर तुम्ही फोन उचलला असतात तरी मी सोयाबीनचंच बोलले असते.

आता कामाचं. ३० तारखेला, रविवारी, दुपारी दोन वाजता शाळेत मी मुलींना पहिला भाग दाखवणार आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर काही मुलींच्या मनातून घर अजून सुटलेलं नाही. आरतीची आई ऊसतोडीला कर्नाटकात गेली आहे, कधी येणार ते तिला नीट माहीत नाही. तिला मी शमाची गोष्ट सांगितली, निलंग्याची. ती म्हणाली, "मॅडम, खरंच येते का तुम्ही आपलं सांगायचं म्हणून सांगता?" मला मुलींशी खोटं बोलायचं नाही. म्हणून मी आधीच सांगणार आहे, की ज्यांनी हा सिनेमा काढला त्यांनी तो वेगळा काढला होता. आपण बघणार आहोत तो निलंग्याचा आहे, आमच्या मामांनी लावलेला.

प्रोजेक्टर शाळेत आहे. लॅपटॉप दोन आहेत, एक माझा आणि एक मुख्याध्यापिका बाईंचा, म्हणजे तुमच्या दोन मशिनांसारखे. एकावरचा पूल संपायच्या आत दुसऱ्यावर गाडी यायला हवी. मी तीनदा करून बघितलं. एकदा मध्येच अंधार झाला. एकदा पूल उडायच्या आधीच शमा फलाटावर उतरली. तिसऱ्यांदा बाईंच्या लॅपटॉपमधून त्यांच्या भाचीच्या बारशाचे फोटो भिंतीवर आले. गाणं नेमकं कुठे तोडायचं तेही मला सापडत नाही. ऑपरेटर लागतो, मामा.

नांदेडहून किनवटला जाणारी बस इस्लापूरला थांबते. मी स्टँडवर उभी राहीन. तुम्ही नाही आलात तरी खेळ होईल, मुलींना सांगून ठेवलं आहे. जोड तेवढा वाईट दिसेल.

तुम्ही दिलेल्या पेनानंच हे पत्र लिहिलं आहे. तेरा महिने ते पेटीतच होतं.

तुमची, रिळांचे नुसते नंबर मोजणारी,
स्वप्नाली


निलंगा
२२ नोव्हेंबर

चि. सपू,

आशीर्वाद. पत्र मामीनं वाचलं न्हाई, मीच वाचलं. दोनदा वाचलं, गिरणी बंद करून. एक गिऱ्हाईक ज्वारी घेऊन दारात उभं होतं. त्याला म्हणलं थांब जरा, सरकारी कागद आलाय.

पोळीचं मला माहीत न्हवतं.

आता तुझी एक चूक सांगतो. तू मास्तरीण झालीस म्हणून चुकायची न्हाईस असं कुठं हाय. तुला नकाशा दिसला न्हाई, पण निलंग्यानं तो एकदा बघितलाय. पहिल्या खेळाला. डब्यांची झाकणं बदलून आली होती. बाराच्या डब्यात तेरा निघालं, आन पट्टीवरचा नंबर न बघता मी ते चढवलं. चूक माझीच. गाणं झाल्यावर नकाशा लागला तवा खालून एक जण वरडला, "आरं, त्यो पूल तर उडाला की." तू तवा भोकापाशी न्हवतीस. शमा उतरली तशी तू मामीला सांगायला पळालीस.

खेळ सुटल्यावर घरी आलो तर तू जेवाय बसलेली. चार दिवसांनी. भात संपवून आणखी मागितलास. मामी माझ्याकडं बघून राहिली होती, मी तिच्याकडं. मग संध्याकाळच्या खेळाआधी रिळं सरळ लावायला गेलो. तेरा नंबरचं काढलं, हातात धरलं, आन परत तिथंच ठिवलं. नकाशा तेवढा कापून घरी आणला.

तर पहिला खेळ चुकला ही तुझी गोष्ट खरी. अंगणात मी थाप मारली. पण पुढचे वीस खेळ चुकले न्हाईत. तेवढं तुझ्या वहीत दुरुस्त कर.

आठवड्यानं प्रिंट परत देताना तुकडा फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडला, रिळं नंबरवार लावली, झाकणं बघून दिली. पुढच्या गावाला बाई मेलीच असल. त्याला माझा इलाज न्हवता.

गाणं कुठं तोडायचं ते लिहून घे. शेवटाला ती नावेतून पाण्यात हात घालती. हात वर येतो, बोटावरून थेंब पडतो. त्या थेंबावर तोडायचं. त्याच्या आधी न्हाई, नंतर न्हाई. आन पहिलं मशीन बंद व्हायच्या आत दुसरं चालू पाहिजे, न्हाईतर लोकं शिट्ट्या मारतेत. तुझ्या पोरी मारतील का न्हाई ते मला माहीत न्हाई, पण मारल्या तर रागावू नको. लॅपटॉपातलं मला काय कळत न्हाई. बोट कुठं ठिवायचं ते तू दाखव, कधी दाबायचं ते मी सांगतो.

यातलं तुझ्या अण्णाला काय बी कळवू नको. लई हसतो त्यो.

मामी चिवडा करून राहिली हाय. डबा तोच हाय. आरतीच्या हातात द्यायचा म्हणती.

शनिवारी निघून नांदेडला पाव्हण्याकडं मुक्काम करतो आन रविवारी सकाळची बस धरतो. बसचा काय नेम नसतो. दोन वाजले आन मी दिसलो न्हाई, तरी पोरींना काय सांगत बसू नको. स्टँडवरच थांब आन दोन चहा सांगून ठिव.

तुझा मामा,
दयानंद
ऑपरेटर